घर सुटलेल्यांची पुस्तकं: कोणती घ्यावीत, कशी वाचावीत

श्रद्धा, परागंदा होणं, प्रेम आणि मोठं होणं या विषयांवरची मराठी पुस्तकं सुचवा म्हटलं, की याद्या करणारे चार कप्पे पाडतात. श्रद्धेच्या कप्प्यात संतचरित्रं, मोठं होण्याच्या कप्प्यात ‘श्यामची आई’, प्रेमाच्या कप्प्यात कॉलेजात वाचलेलं काहीतरी. परागंदा होण्याचा कप्पा मात्र रिकामा राहतो, कारण मराठी माणूस कधी निर्वासित झाला असं आपल्याला वाटतच नाही. सीमा ओलांडून पळालेले लोक आपल्या कादंबऱ्यांत कमीच. पण घरातून, पंगतीतून, जातीतून, आईच्या कुशीतून बाहेर पडावं लागलेले खच्चून भरलेत. आणि कुणाचं घर सुटलं की बाकीचे तिन्ही विषय आपोआप मागे येतात. म्हणून खालची निवड एकाच कसोटीवर केली आहे: पुस्तकात कुणाचं तरी घर सुटलेलं असलं पाहिजे, आणि ते नेमकं कशापायी सुटलं हे लेखकानं दाखवलेलं असलं पाहिजे. नुसती हळहळ चालणार नाही.

सुरुवात लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रे’पासून करावी. लक्ष्मीबाईंचा जन्म १८६८ सालचा, नाशिकजवळच्या जलालपूरचा. लहान वयातच लग्न झालं ते नारायण वामन टिळकांशी. टिळक म्हणजे कवी, वक्ते, विलक्षण तापट, हातात आलेला पैसा दुसऱ्याला देऊन मोकळे होणारे आणि मनात आलं की न सांगता निघून जाणारे. १० फेब्रुवारी १८९५ रोजी टिळकांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला, आणि नवरा जिवंत असताना लक्ष्मीबाईंचा संसार उठला. पुढची जवळजवळ पाच वर्षं मुलाला, दत्तूला, घेऊन त्या नातलगांच्या आधारानं राहिल्या. त्यातला बराच काळ पंढरपुरात गेला. मग नवऱ्याकडे नगरला गेल्या, पण तिथेही आधी आपली चूल आणि आपलं सोवळं वेगळं ठेवून. १९०० साली त्या स्वतः ख्रिस्ती झाल्या.

एवढा सारांश कुठल्याही कोशात मिळेल. पुस्तकाचा खरा ऐवज आहे तो या पाच वर्षांत एक बाई आतून कशी सरकते याच्या बारीक नोंदींत. धर्मांतर म्हटलं की आपल्याला साक्षात्कार अपेक्षित असतो. इथे प्रश्न पाण्याचा आहे. कुणी भरलेलं पाणी प्यायचं, कुणाच्या भांड्याला हात लावायचा, कुणाशेजारी बसून जेवायचं. जात देवानं केलेली नाही, माणसानं केली, हे लक्ष्मीबाईंना कुणाच्या प्रवचनानं पटत नाही. स्वतःशीच हुज्जत घालता घालता पटतं. आणि पटल्यावर त्या आधी वागणं बदलतात, धर्म नंतर.

हे नीट कळायचं तर सुरुवातीची प्रकरणं हसण्यावारी नेऊ नयेत, आणि नेमकी हीच चूक बहुतेकांची होते. लक्ष्मीबाईंच्या आईच्या वडिलांना १८५७च्या धामधुमीत फाशी झाली. त्या धक्क्यानंतर लक्ष्मीबाईंच्या वडिलांनी सोवळ्याचा असा काही ध्यास घेतला की घरातल्या पोरांचं जिणं मुश्कील झालं. लक्ष्मीबाई हे इतक्या मजेत सांगतात की वाचणारा हसत पुढे जातो. पण ते सोवळं भीतीतून आलेलं आहे, हे लक्षात ठेवून वाचलं तर पुढे नगरला नवऱ्याच्या घरात वेगळी चूल मांडणारी बाई त्याच बापाची लेक आहे हे ध्यानात येतं, आणि तिनं काय सोडलं याचं वजनही कळतं.

आता आवृत्तीबद्दल, कारण पैसे इथेच वाया जातात. मूळ पुस्तक चार भागांत, १९३४ ते १९३६ या काळात निघालं. लक्ष्मीबाई १९३६ साली वारल्या. शेवटच्या भागाला पुरं करण्याचं काम मुलानं, देवदत्त टिळकांनी केलं. पुढे संक्षिप्त आवृत्ती निघाली, ती शाळा-कॉलेजांत खूप फिरली, आणि आज पुष्कळांनी ‘वाचलेली’ असते ती हीच. शिवाय आपल्याकडे लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षांनी हक्क संपतात, त्यामुळे बाजारात एकाच नावाची अनेक पुस्तकं आहेत, काही अगदी पातळ. विकत घेण्याआधी दोन गोष्टी बघा. आतल्या शीर्षकपानावर ‘संक्षिप्त’ हा शब्द आहे का, आणि अनुक्रमणिकेत चौथा भाग आहे का. ऑनलाइन मागवताना नुसत्या मुखपृष्ठावर जाऊ नका, पृष्ठसंख्या पाहा. दोन-सव्वादोनशे पानांत संपत असेल तर ते पूर्ण पुस्तक नाही. अशोक देवदत्त टिळकांनी संपादित केलेली पॉप्युलर प्रकाशनाची पूर्ण आवृत्ती मिळाली तर तीच घ्यावी. संक्षिप्त वाईट आहे असं नाही, पण कापाकापीत पहिला बळी जातो तो घरगुती, वरवर बिनमहत्त्वाच्या मजकुराचा, आणि या पुस्तकाचा जीव तिथेच आहे.

वाचताना १८९५, १९०० आणि १९१९ (टिळकांचा मृत्यू) ही तीन सालं एका चिठ्ठीवर लिहून पुस्तकात ठेवा. लक्ष्मीबाई आठवणीच्या ओघात सांगतात, सनावळीची फिकीर करत नाहीत, आणि मधेच आपण कुठे आहोत हे कळेनासं होतं. बाप्तिस्म्यापर्यंतचा भाग दोन-तीन बैठकांत सहज होतो. मधली पाच वर्षं मात्र रोज वीस-पंचवीस पानांपेक्षा जास्त वाचू नयेत. नगर-राहुरीच्या प्रकरणांत मिशनची माणसं येत-जात राहतात. सगळ्यांची नावं लक्षात ठेवायचा अट्टाहास केला तर कंटाळा येईल. ती सोडून द्या, लक्ष्मीबाई आणि टिळक यांच्यातली भांडणं धरून ठेवा. मराठीत प्रेमावर लिहिलेलं इतकं न लाजणारं आणि इतकं न मिरवणारं दुसरं पुस्तक नाही. नवऱ्याच्या वेडेपणाच्या यादीवर यादी देत ही बाई त्याच्याबद्दलचं प्रेम सांगते, आणि ‘प्रेम’ हा शब्द जवळजवळ वापरतच नाही.

परदेशात वाढलेल्या, मराठी समजतं पण वाचता येत नाही अशा मुलांसाठी शांता गोखले यांनी केलेला इंग्रजी अनुवाद २०१७ साली आलेला आहे. तो पुस्तकाचा खोडकर सूर बऱ्यापैकी सांभाळतो.

टिळक ख्रिस्ती झाले तरी त्यांनी अभंग आणि कीर्तन सोडलं नाही, तुकारामावरची भक्तीही सोडली नाही. तो धागा धरून पुढचं पुस्तक घ्यावं, दि. बा. मोकाशींची ‘आनंदओवरी’. छोटी कादंबरी आहे, पण पटकन होणारी नाही. तुकाराम दिसेनासे झालेत, आणि त्यांचा धाकटा भाऊ कान्हा त्यांना शोधतो आहे, एवढंच कथानक. शोधता शोधता घर, सावकारी, दुष्काळात गेलेली माणसं, थोरल्या भावाचं घर सोडून जाणं, भावजयीचा त्रागा, सगळं त्याला आठवत जातं. संत घरात असला की घरच्यांचं काय होतं, हा या पुस्तकाचा विषय. परागंदा झाला तो तुकाराम. पण वनवास आला तो मागे राहिलेल्यांना.

इथे वाचक दोन प्रकारे फसतात. एक, वैकुंठगमन झालं की घात झाला, याचं उत्तर पुस्तकातून काढायला बसतात. मोकाशींना त्या वादात न्यायाधीश व्हायचंच नाही. कान्हाला फक्त भाऊ हवा आहे. दोन, कादंबरीतले प्रसंग इतिहास म्हणून पुढे सांगत सुटतात. कान्हाचं मन हे मोकाशींनी रचलेलं आहे, हे विसरू नये. ज्यांच्या घरी गाथा आहे त्यांनी ती शेजारी ठेवावी. साडेचार हजारांवर अभंग आहेत, ते सगळे वाचायचं कुणी सांगत नाही. दुष्काळावरचे, संसार बुडाल्याचे आणि देवाशी भांडणाचे पंधरा-वीस अभंग आधी वाचले तरी कान्हाच्या बोलण्यातले प्रतिध्वनी ऐकू येतात. गाथेला अभंगाच्या पहिल्या चरणाची अकारविल्हे सूची असेल तर काम सोपं होतं; सूची नसलेली स्वस्त गाथा या कामाला निरुपयोगी.

आता लंपन. प्रकाश नारायण संतांची चार पुस्तकं, ‘वनवास’ (१९९४), ‘शारदा संगीत’ (१९९७), ‘पंखा’ (२००१) आणि ‘झुंबर’ (२००४), चारही मौजेची. लेखक २००३ साली गेले, शेवटचं पुस्तक त्यांच्या पश्चात आलं. बेळगावच्या परिसरात आजी-आजोबांकडे वाढणारा एक मुलगा, तोच लंपन. आई-वडील आहेत, चांगले आहेत, पण दुसऱ्या गावी आहेत. पहिल्या पुस्तकाचं नाव ‘वनवास’ आहे ते उगाच नाही. पोराला कुणी छळत नाही, खायला-प्यायला कमी नाही, आजी जीव टाकते, आणि तरीही तो आपल्या घरी नाही. एवढ्या सौम्य परिस्थितीतून पोरकेपणाचं इतकं सूक्ष्म दुःख काढणं सोपं नव्हे. वाचणाऱ्याला ते पहिल्या दोन-तीन कथांत जाणवतही नाही, कारण लंपन स्वतः ते बोलत नाही. तो रस्ते, झाडं, रेल्वे, संगीत, मैत्रीण सुमी आणि दोस्त कणबर्गी गंग्या यांच्याबद्दलच बोलत राहतो. आई आली की किंवा आईचं पत्र आलं की मात्र त्याचं गद्य अडखळतं. त्या जागा पेन्सिलीनं खुणा करून ठेवण्यासारख्या आहेत.

या कथांची बोली म्हणजे सीमाभागातली कानडी हेल असलेली मराठी. पुण्या-मुंबईच्या वाचकाला सुरुवातीची दहा-बारा पानं वाक्यं उलटी-सुलटी वाटतात. यावर एकच उपाय: पहिली कथा मोठ्यानं वाचा, शक्य असेल तर बेळगाव-धारवाडकडच्या कुणाकडून वाचून घ्या. हेल कानात बसला की पुढे अडत नाही. लंपनची ‘मॅडसारखं’ ही लकब पहिल्यांदा गोड वाटते, चौथ्या पुस्तकापर्यंत थोडी खटकते. आणि हाच इथला मोठा धोका आहे. चारही पुस्तकं आठवड्यात संपवणारे भेटतात, आणि मग तक्रार करतात की सगळ्या कथा सारख्याच आहेत. सारख्या नाहीत, पण साखर एकदम खाल्ली की चव कळत नाही. एका बैठकीला एकच कथा, आणि दोन पुस्तकांच्या मध्ये दुसरंच काहीतरी, हे पथ्य पाळावं.

क्रम बदलू नये. प्रत्येक कथा स्वतंत्र आहे हे खरं, पण सुमीबद्दल लंपनला वाटणारं काहीतरी पुस्तकागणिक बदलत जातं, आणि ते ‘काहीतरी’ काय आहे हे त्याला कळायच्या आधी आपल्याला कळतं. मधूनच ‘पंखा’ उचलला तर हा खेळ हातचा जातो. ‘झुंबर’मध्ये मृत्यू घरात येतो, कुणाचा ते इथे सांगत नाही. मात्र भेट म्हणून संच देताना ध्यानात घ्या: मुखपृष्ठं आणि नायकाचं वय पाहून लोक ही पुस्तकं आठ-नऊ वर्षांच्या मुलांना देतात, आणि मुलं दहा पानांत ठेवून देतात. ही मुलाबद्दलची पुस्तकं आहेत, मुलांसाठीची नव्हेत. चौदा-पंधराच्या पुढे चालतील; खरी गंमत तिशीनंतर. २०२४ साली आलेली ‘लंपन’ ही मालिका बरी आहे, पण पुस्तकं आधी, मालिका नंतर. एकदा एका पोराचा चेहरा डोळ्यांसमोर बसला की लंपनचा स्वतःचा आवाज ऐकू येणं कठीण.

‘शाळा’ बहुतेकांनी वाचलेली असते किंवा २०१२ सालचा चित्रपट पाहिलेला असतो, म्हणून थोडक्यात. मिलिंद बोकिलांची ही कादंबरी २००४ची, काळ आणीबाणीचा, जोशी नववीत आणि वर्गातली शिरोडकर त्याच्या मनात. यात घर कुणाचं सुटतं असं विचाराल, तर शेवटाकडे पाहा. पौगंडावस्थेतलं प्रेम संपतं ते भांडणानं किंवा विश्वासघातानं क्वचितच. मोठ्यांनी बिऱ्हाड हलवलं की संपतं, आणि त्यात पोरांना कुणी विचारत नाही. बोकिलांनी हे विनातक्रार मांडलं आहे. पोरांची भाषा अस्सल, शिक्षकांना ठेवलेली नावं अस्सल, अर्धवट बांधकामात बसून मारलेल्या गप्पा अस्सल. खटकतं ते एवढंच की मुलींच्या मनात काय चाललंय हे आपल्याला कधीच कळत नाही. जोशीला कळत नाही म्हणून आपल्यालाही नाही, हा बचाव चालतो, पण पंधरा वर्षांच्या मुलीच्या हातात हे पुस्तक देताना ती हा प्रश्न विचारेल याची तयारी ठेवा. आणीबाणीबद्दल मुलांना काही माहीत नसेल तर जून १९७५ ते मार्च १९७७ एवढी चौकट आधी सांगून टाकावी, नाहीतर जोशीच्या नरूमामाच्या आणि मोठ्यांच्या दबक्या बोलण्यातली भीती त्यांच्या डोक्यावरून जाते.

लंपन आणि जोशी यांच्या शाळा एका जागी असतात. ‘उपरा’मध्ये शाळाच मागे राहते. लक्ष्मण मान्यांचं हे आत्मकथन १९८० साली ग्रंथालीनं काढलं, पुढच्याच वर्षी साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. कैकाडी कुटुंब, गाढवावर लादलेलं बिऱ्हाड, फोक आणून टोपल्या, कणग्या विणायच्या, गावाबाहेर पाल टाकायचं, काम संपलं की पुढचं गाव. बाप मात्र पोराला शाळेत घालायचा हट्ट सोडत नाही. बिऱ्हाड हललं की शाळा तुटते, नव्या गावात पुन्हा मास्तरांच्या पाया पडायचं, पुन्हा वर्गाच्या दाराशी बसायचं. आणि घरच्या बाजूला जातपंचायत, जिला शिकणारं पोर नकोच आहे. लेखक शिकतो, जातीबाहेरच्या मुलीशी लग्न करतो, आणि दोन्हीकडची दारं बंद होतात. नावातला ‘उपरा’ गावाला तर आहेच, शेवटी आपल्याच माणसांनाही आहे. वाळीत टाकणं गुन्हा ठरवणारा कायदा महाराष्ट्रात २०१६ साली झाला. हे पुस्तक त्याच्या छत्तीस वर्षं आधीचं.

अडचण भाषेची आहे, ती लपवण्यात अर्थ नाही. कैकाडी बोलीतले संवाद आणि धंद्याचे शब्द नेहमीच्या शब्दकोशात सापडत नाहीत, आणि दर ओळीला थांबलं तर पुस्तक हातातून सुटतं. पहिली तीस पानं अर्थ न शोधता वाचून काढा. शब्द चार-पाचदा आला की संदर्भानं कळतो. जे उरतील ते शेवटी एका कागदावर काढा. फार उरत नाहीत. आणखी एक. दलित आणि भटक्यांची आत्मकथनं लोक ओळीनं सहा-सात वाचतात आणि मग सगळी दुःखं एकसारखी वाटायला लागतात. ‘उपरा’ एकटं वाचावं. दुसरं घ्यायचंच असेल तर बेबीताई कांबळ्यांचं ‘जिणं आमुचं’, कारण ते श्रद्धेच्या बाजूनं पूरक आहे: देवदेवस्की, अंगात येणं, पोतराज म्हणून देवाला सोडलेली पोरं, आणि त्या सगळ्यातून बाबासाहेबांच्या मागे गेलेली वस्ती. बेबीताईंच्या पुस्तकात ‘मी’ कमी आणि ‘आम्ही’ जास्त आहे. कुणा एकीचा जीवनपट शोधायला गेलात तर निराश व्हाल.

हमीद दलवायांची ‘इंधन’ (१९६५) मिळवायला थोडी खटपट पडते, पण या यादीत तिच्यावाचून भागत नाही. मुंबईत राहिलेला, धर्मावरचा विश्वास उडालेला एक मुसलमान तरुण बऱ्याच वर्षांनी कोकणातल्या आपल्या गावी परततो. परतणारा उपरा असतोच, पण इथे गावही ओळखीचं राहिलेलं नाही. जमिनीचे संबंध बदललेत, हिंदू-मुसलमान शेजार आतून पोखरला गेलाय, आणि ठिणगी पडायला एवढंतेवढं कारण पुरतं. दलवाई कुणालाच सूट देत नाहीत, निवेदकालाही नाही. लेखकाची समाजसुधारक म्हणून असलेली कीर्ती बाजूला ठेवून वाचा. जे लोक यात दलवायांनीच काढलेल्या मुस्लीम सत्यशोधक मंडळाचा जाहीरनामा शोधतात त्यांना तो सापडत नाही, कारण मंडळ निघालं १९७० साली, आणि कादंबरीतला माणूस दुसऱ्याला सुधारण्याइतका स्वतःबद्दल निःशंक नाही. गद्य कोरडं आहे. पहिल्या चाळीस पानांत काहीच ‘घडत’ नाही असं वाटेल. माणसांची नाती एका कागदावर मांडून घ्या, कारण शेवटाकडे वेग वाढतो तेव्हा कोण कुणाचा हे आठवत बसायला सवड मिळत नाही. दुकानात नसेल तर जुन्या ग्रंथसंग्रहालयात नक्की पाहा. ठाण्याचं आणि मुंबईचं मराठी ग्रंथसंग्रहालय, पुण्याचं मराठी ग्रंथालय अशा पुस्तकांसाठीच टिकून आहेत.

शेवटी ‘सावित्री’, पु. शि. रेग्यांची, १९६२ सालची. इतक्या घनघोर पुस्तकांनंतर ही हातात घेतली की काही लोक चिडतात: हे एवढंसं, तरल, कुणाला चटकाही न लावणारं! सावित्रीनं एकालाच लिहिलेली पत्रं, उत्तरं आपल्याला कधीच वाचायला मिळत नाहीत. मधे दुसरं महायुद्ध येतं, सावित्री जपानमध्ये असते, पत्रं पोचतील की नाही याची खात्री नसते, आणि तरी ती लिहिते. प्रेमाची आणि परमुलखाची अशी सांगड मराठीत दुसरीकडे नाही. तक्रार करणाऱ्यांचं एक बरोबर आहे. युद्ध इथे फार लांबून दिसतं, आणि ज्याला भूक-बेघरपण हवं आहे त्याला ते मिळणार नाही.

वाचायची रीत मात्र ठरलेली. पहिल्यांदा एका बैठकीत सलग. दुसऱ्यांदा, चार-आठ दिवसांनी, पत्रांवरची ठिकाणं आणि तारखा पाहत, आणि शेजारी तीन खुणा ठेवून: सप्टेंबर १९३९, डिसेंबर १९४१, ऑगस्ट १९४५. कुठल्या पत्रानंतर मोठा खंड पडला आहे हे दुसऱ्या वाचनातच कळतं. लच्छी आणि मोराची गोष्ट येते तिथे थांबा; मोर हवा असेल तर आपणच मोर व्हायचं, हे तिचं सार पुष्कळजण लग्नपत्रिकांत आणि भिंतींवर टांगतात, त्यामुळे ते वापरून वापरून गुळगुळीत झालं आहे. गोष्ट मूळ जागी वाचली की ती उपदेश नाही हे समजतं. पत्रांचा हा घाट आवडला तर गौरी देशपांड्यांच्या ‘एकेक पान गळावया’ या पुस्तकातली ‘कारावासातून पत्रे’ ही दीर्घकथा घ्या. तिथली बाई सावित्रीपेक्षा पुष्कळ तिखट आहे.

भालचंद्र नेमाड्यांची ‘कोसला’ यादीत का नाही, हे कुणीतरी विचारणारच. पांडुरंग सांगवीकर खानदेशातून पुण्याला येतो, परत जातो, आणि दोन्ही ठिकाणी बसत नाही, म्हणजे कसोटीला पुस्तक तंतोतंत उतरतं. पण १९६३ पासून ते प्रत्येक यादीत आहे, विसाव्या वर्षी सगळे ते वाचतात आणि पुढचे सहा महिने ‘उदाहरणार्थ’ नि ‘वगैरे’ घालून बोलतात. आधीच वाचलं असेल तर पुन्हा सगळं वाचायची गरज नाही. मनी, त्याची धाकटी बहीण, जाते ती पानं तेवढी काढा, आणि ‘स्मृतिचित्रे’नंतर लगेच वाचा.